तण, मोर आणि तायडे सर

तायडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हवेत होते.

अकोल्याच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून तो माझा पहिला दिवस. शिक्षकांच्या खोलीचं दार ढकललं, तर समोर एक लांब टेबल आणि टेबलापलीकडे चाळिशीतला एक बुटका माणूस. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. त्यांनी दोन्ही हात अंगाला चिकटवले, मान मागे टाकली, घशातून बेडकासारखा 'टर्रर्र' असा आवाज काढला आणि सरळ उभी उडी मारली. आधी माणूस खाली आला, मग टोपी. पुन्हा टर्रर्र, पुन्हा उडी. असं तीन वेळा झालं. खिडकीजवळ मुख्याध्यापक वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं आणि मान वर न करता म्हणाले, "या बाई. हे तायडे. भूगोल शिकवतात."

एवढ्याने माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. ते तायडे सरांच्या लक्षात आलं. टोपी झटकत ते म्हणाले, "घाबरू नका बाई. मी मोर दाखवून राह्यलो."

मैत्रेयी, तुझं पत्र आलं आणि मला ही उडी आठवली. गरीब देशांतले दुर्मीळ प्राणी, पक्षी, झाडं वाचवावीत म्हणून तिकडचं सरकार जे अनुदान देतं, त्याचे अर्ज वाचण्याचं काम तुला तिथे परदेशात मिळालं आहे, असं तू लिहिलंस. आणि विचारलंस, आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का? होतं. मी स्वतः असा एक अर्ज लिहिलेला आहे. त्याची नक्कल माझ्या कपाटात वरून तिसऱ्या फायलीत आहे. तो अर्ज लिहिताना मी एक चूक केली. ती तुला आणि तुझ्या भावालाही कळायला हवी, कारण तुम्हा दोघांचं अक्षर माझ्यावर गेलं आहे.

तर, तायडे सर. पूर्ण नाव गुलाबराव तायडे. गाव हिवरखेडजवळचं, तेल्हारा तालुक्यातलं. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. हा मुलगा दिव्याखाली शिकून मास्तर झाला, छप्पन साली नागपूरला जाऊन घरच्या सगळ्यांबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला वर्गात हजर होता. सुट्टी का घेतली नाही असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "नवा माणूस झालो अन् पहिल्याच दिवशी दांडी मारू काय?"

भूगोल ते विचित्र पद्धतीने शिकवत. मुलांनी नकाशात मोर्णा नदी निळ्या रंगाने काढली, तर विचारत, "पाह्यली का मोर्णा?" मुलं म्हणत, हो. "निळी हाय?" मुलं निळी कांडी खाली ठेवत. "पाह्यलं का? मंग लिवा," हे त्यांचं पालुपद होतं. त्यांच्या वर्गातल्या साऱ्या वह्यांत मोर्णा मातकट रंगाची असे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यावर आक्षेप घेतला, तर सरांनी त्यांना मधल्या सुट्टीत नदीवर नेऊन आणलं.

आता मोर. हा आपला नाचणारा मोर नव्हे. तणमोर हा कोंबडीएवढा पक्षी. एरवी मातकट, कोणाच्या नजरेत न भरणारा. पण पाऊस लागला की नर काळा-पांढरा होतो, डोक्यामागे बारीक पिसांचे तुरे वर वळतात आणि तो गवतातून उड्या मारायला लागतो. दिवसभर. एक उडी, थोडी विश्रांती, पुन्हा उडी. हे कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "गवत उंच अन् तो बुटका. बाकीच्याईले दिसाचं असन तं उडा लागते." एवढं बोलून ते स्वतःच्या टोपीला हात लावून हसले.

त्यांच्या गावाशेजारी एक कुरण होतं. चराईच्या सरकारी जमिनीला आपल्याकडे 'ई-क्लास' म्हणतात, तसलं. दरसाल तिथे तणमोर येत. आणि दरसाल चराईचा ठेका घेणारा ऐन आषाढात म्हशी आत सोडी. अंडी तुडवली जात, उरलेले पक्षी फाशात सापडत. सर लहान असताना तिथे सकाळी एवढे मोर उडताना दिसत की मोजता येत नसत; आता एखाददुसरा दिसतो, असं ते सांगायचे. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. कुरणाचा ठेका पावसाळ्यापुरता आपणच घ्यायचा आणि आत एकही म्हैस सोडायची नाही. राखणीला माणूसही त्यांनी हेरून ठेवला होता. शिवलाल. तो फासेपारधी. तणमोर कुठे बसतो, कधी उठतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, कारण त्याने आयुष्यभर तेच पकडले होते. "त्याले चोर समजू नका," सर म्हणत. "त्या विषयातला एमे हाय तो." पण हे सगळं एका मास्तराच्या पगारात बसणारं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा सरकारने पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी छोटी अनुदानं द्यायचं ठरवलं. कागद शाळेत आला आणि मुख्याध्यापकांनी तो वाचून सरांच्या पुढ्यात सरकवला. त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी आले. त्यांचं म्हणणं, अर्ज मी लिहावा, कारण त्यांच्या अक्षरावरून कोंबडी चालून गेल्यासारखं वाटतं आणि माझं अक्षर जिल्ह्यात एक नंबर. मी म्हटलं, मग इंग्रजीत लिहू. पक्ष्याला इंग्रजीत व्यवस्थित नाव आहे, मोठ्या साहेबांना ते लगेच समजेल. सरांनी मान हलवली. "आता आपलं राज्य मराठीत चालते म्हन्ते. मंग मोराले इंग्रजी काहून?"

अर्जासाठी ते तीनदा आले. इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती गाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. माझ्या सासूबाईंनी त्यांच्यासाठी एक वेगळा कप ठेवला होता. निळ्या काठाचा, ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली, पण तो कप मी गपचूप वेगळा विसळत असे. पहिल्या दिवशी सरांनी कप हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आजीनं माह्यासाठी खास कप काढला. एवढा मान तं मले सासुरवाडीतबी नाई." ते थट्टेने म्हणाले की मनापासून, हे मला कळलं नाही. कळलं नाही असं मी मानून घेतलं, हे जास्त खरं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली न ठेवताच विचारलं, की मोर म्हणजे नाचतो तोच ना? सर म्हणाले, "नाई आजी. हा नाचत नाई. हा उडते." आणि कप ओट्यावर ठेवून त्यांनी अंगणात तणमोर करून दाखवला. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. सूप कलंडलं, निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एक झाले. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पुन्हा कर रे बाबा एकदा." सरांनी पुन्हा केला. त्या गडबडीत कप सगळ्या कपांत मिसळला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर निळ्या काठाच्या कपातून सासूबाईच चहा पीत होत्या.

अर्ज लिहायला बसण्याआधी सरांनी मला विचारलं होतं, "बाई, तुमी मोर पाह्यला का?" मी म्हटलं, सहामाहीच्या वह्या पडल्या आहेत, आत्ता हिवरखेडला कुठे येऊ? त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, पण "मंग लिवा" हे दोन शब्द त्यांनी त्या दिवशी उच्चारले नाहीत.

मी अर्ज लिहिला. डावीकडे दोन बोटं समास, उजवीकडे एक बोट. उजवा समास सरळ यावा म्हणून ओळीच्या शेवटी न मावणारा शब्द मी इंग्रजीसारखा आडवी रेघ देऊन तोडत असे. मराठीत असं कोणी करत नाही, पण मला ते नीटनेटकं वाटे. आणि माझ्या 'र'ला शेवटी एक गोल शेपूट असे. त्याचंही मला कौतुक होतं. गाव, तालुका, जिल्हा लिहून झाल्यावर विषयाची ओळ पुढे अशी होती: कुरणातील तणमोर संरक्षणाकरिता अनुदान मिळणेबाबत. ओळ 'तण'पाशी संपली. मी आडवी रेघ दिली आणि 'मोर' खालच्या ओळीवर नेला, शेपटासकट.

वैशाखात मंजुरी आली. मुख्याध्यापकांनी लखोटा फोडला, वाचला, पुन्हा वाचला आणि तायडे सरांकडे बघत म्हणाले, "अभिनंदन. तुम्हाला गवत उपटायला अनुदान मिळालंय."

आदेशात लिहिलं होतं: 'सदर कुरणातील तणमोड व कुरण संरक्षण या योजनेस मंजुरी देण्यात येत आहे.' माझा 'मोर' त्यांनी 'मोड' वाचला होता. मधला 'व' त्यांनी पदरचा घातला होता. पुढे अटी. कुरणातील तण समूळ मोडून काढावे. भाद्रपदापूर्वी निरीक्षक तपासणी करतील. तपासणीत तण आढळल्यास अनुदान परत घेतलं जाईल आणि योजनेसाठी दिलेला कुरणाचा ठेका रद्द होईल. म्हणजे मोर ज्या गवतात राहतो ते गवत उपटण्यासाठी सरकारने आम्हाला मदत केली होती. उपटलं नाही तर कुरण पुन्हा म्हशींचं.

खोलीत हशा पिकला. मराठीच्या शिक्षकांनी 'तणमोडे मास्तर' अशी पदवीही तिथल्या तिथे बहाल केली. मुख्याध्यापक मात्र हसत नव्हते. सरकारी पैसा भलत्या कामाला लावला असं ठरलं तर मास्तराची नोकरीही अडचणीत येते, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "अर्ज कोणी लिहिला होता?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच तायडे सर म्हणाले, "मी. माहं अक्षर लय खराब हाय सर, तुमाले तं माईत हाय."

आणि मी तोंड मिटलं. मुलांनो, हे वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली.

मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, मी आजच दुरुस्तीचं पत्र लिहिते, चूक माझी आहे. ते डब्यातली भाकरी मोडत होते. म्हणाले, दुरुस्तीची फाईल वर्षभर फिरेल, तोवर यंदाचा पावसाळा निघून जाईल, आणि पुढच्या वर्षी उडायला कोणी शिल्लक राहील की नाही, कोण जाणे. मग एकदम म्हणाले, "आदेशात चूक कुठं हाय बाई? तण मोडा म्हन्ते. मोडू."

त्यांनी भूगोलाच्या तासाला मुलांना प्रश्न घातला: तण म्हणजे काय? मुलांनी गवताची नावं सांगितली. सर म्हणाले, नाही. आपल्याला जे पाहिजे त्यात नको असलेलं जे उगवतं ते तण. कपाशीत गवत तण. मग गवतात काय तण? मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "कपाशी." सरांनी तिला पुढे बोलावून खडूचा अख्खा डबा बक्षीस दिला.

कुरणात कपाशी नव्हती, पण तरोटा माजला होता. रस्त्याकडेला पावसाळ्यात गुडघाभर वाढतो, पिवळ्या फुलांचा, तो. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत आणि तो गवताला दाबतो. मृगाचा पाऊस पडल्यावर, मोर येण्याआधी सरांनी गावातल्या बायांना निंदणीला बोलावलं. सगळ्यांच्या पुढे त्यांच्या पत्नी शांताबाई. बायांना आधी काही केल्या पटेना. त्यांचं आयुष्य गवत उपटण्यात गेलेलं, आणि आता सांगतात की गवत ठेवा, बाकीचं काढा. एक म्हातारी दर चार पावलांनी सवयीने गवतच उपटे. सर मागून येऊन ते पुन्हा मातीत खोचत. शेवटी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, मी काय करू? माहे हातच ऐकत नाई. तू असं कर, माह्या मांगं मांगं चाल अन् पेरत जाय." शांताबाईंनी वाक्य पुरं केलं, "लग्न झाल्यापासून थेच करून राह्यले थे. मी उपटतो, थे पेरतात."

श्रावणात निरीक्षक आले. आगाशे नावाचे, पुण्याचे. गोरेपान, चष्मा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि हातात छापील तक्ता. मुख्याध्यापकांनी मला बरोबर जायला सांगितलं. कारण असं, की पुण्याच्या माणसाला तायडेंची भाषा भांडल्यासारखी वाटेल, कोणीतरी मध्ये हवं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. बैलगाडीत साहेबांनी विचारलं, साधारण कधी पोहोचू आपण? सर म्हणाले, "पोचू तवा पोचू." मी घाईने सांगितलं, अजून अर्धा तास लागेल असं म्हणताहेत. पुढे नाल्यात गाडी फसली, सगळे उतरलो. आपल्याकडची काळी माती पावसात काय करते ते साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी पाय उचलला, बूट उचलला नाही. बैलांनी गाडी ओढून काढली, पण साहेबांचा डावा बूट मिळाला नाही. कुरणावर साहेब एका बुटाने पोहोचले, आणि तिथे त्यांच्या पुढ्यात कंबरेएवढं गवत वाऱ्यावर डुलत होतं.

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग तक्त्याकडे पाहिलं. "अहो, हे सगळं तणच आहे की."

"नाई साहेब," सर म्हणाले. "तण तं मोडलं. थो पाहा ढीग." बांधावर वाळलेल्या तरोट्याचा मोठा ढीग होता. "हे पीक हाय."

"कशाचं पीक?"

"मोराचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. या वाक्याचं भाषांतर मला येत नव्हतं. मी म्हटलं, ते म्हणाले ते असंच आहे.

आगाशे माणूस वाईट नव्हते. ते चिडले नाहीत, पण त्यांनी टोपण काढून पेन हातात घेतलं. ते म्हणाले, मोर की काय ते मला ठाऊक नाही. माझ्या तक्त्यात मोराचा रकाना नाही. तण आहे की नाही एवढंच मला लिहायचं आहे, आणि मला समोर गवत दिसतंय, तर गवत आहे असंच लिहावं लागेल. तायडे सर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. बुटाशिवाय साहेब थोडे कलते झाले होते, तरी सरांपेक्षा उंचच होते. सर नम्रपणे म्हणाले, "मोर पाह्यला का साहेब? पाहा. मंग लिवा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पंधरा मिनिटं दिली.

मोर उडेना. ढग आले, गेले. शिवलाल गवताकडे कान लावून बसला होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेब तरोट्याच्या ढिगावर बसून मोज्यातला चिखल काढत होते. सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लहानपणापासून त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं, आणि तेच गवतात दडून बसलं होतं. शिवलाल त्यांच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमी आवाज काढा. दुसरा नर आला असं वाटलं तं थो निंगते."

सरांनी कोटाची बटणं लावली. टोपी घट्ट केली. दहा पावलं गवतात शिरले आणि खाली बसले, तशी फक्त टोपी दिसू लागली. मग टर्रर्र, आणि टोपीखालचे सर गवतावर आले. गेले. पुन्हा आले.

साहेब मोजा हातात धरून उठले. "हे काय चाललंय?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ते भूगोल शिकवतात."

सरांची चौथी उडी झाली, आणि तिच्या उजव्या अंगाला, वीस-पंचवीस पावलांवर, दुसरी उडी झाली. ती सरांची नव्हती. काळंभोर अंग, पंखांवर पांढरा पट्टा, मागे वळलेले तुरे. पक्षी क्षणभर आकाशात टांगल्यासारखा राहिला आणि गवतात बुडाला. टर्रर्र. सरांनी उडी मारली. पक्ष्याने मारली. मग सर थांबले, बहुधा दम लागला म्हणून. पण पक्षी थांबला नाही. तो उडतच राहिला. मी पहिल्यांदाच पाहत होते. अर्जात मी चार ठिकाणी ज्याचं नाव लिहिलं, तो हा. माझ्या शेपटीच्या 'र'मध्ये यातलं काही नव्हतं.

आगाशे साहेब एका बुटावर उभे होते. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पक्षी वर गेला की त्यांची अनवाणी टाच जमिनीवरून उचलली जात होती.

पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती. परतीची वेळ झाली तेव्हा मी आगाशे साहेबांना सांगितलं, की अर्ज तायडे सरांनी लिहिलेला नाही. मी लिहिला. शब्द 'मोड' नाही, 'मोर' आहे. तायडे सर लांबून हातवारे करून मला गप्प बसायला सांगत होते. साहेबांनी पिशवीतून फाईल काढली, मूळ अर्ज उलगडला, चष्मा कपाळावर नेऊन तो डोळ्यांजवळ धरला.

"हा र आहे?"

"हो."

"आणि ही आडवी रेघ?"

"समास सरळ यावा म्हणून."

त्यांनी अर्जाची घडी केली. "बाई, आपण इंग्रजी शिकवता का?"

मी हो म्हटलं. एवढीच शिक्षा मला झाली.

मग तरोट्याच्या ढिगावर बसून त्यांनी तक्ता भरला. त्याचीही नक्कल माझ्याकडे आहे. 'मोडलेले तण' या रकान्यात लिहिलं आहे: तरोटा, समूळ. 'शिल्लक' या रकान्यात लिहिलं आहे: मोर. आणि खाली शेरा: 'तपासणी समक्ष केली. योजना याच नावाने पुढे चालू ठेवावी.' नाव दुरुस्त करू का, असं मी विचारलं, तर साहेब म्हणाले, नको. दुरुस्तीला गेलं की कोणीतरी पुन्हा वाचणार.

म्हणून मी अकोल्यात होते तोवर दर वैशाखात तणमोड योजनेचा आदेश येत राहिला. दर मृगात बाया तरोटा निंदत, आणि म्हातारी सरांना मागे मागे चालायला लावी. दर श्रावणात तपासणीला आगाशे साहेब स्वतः येत. खात्यात त्यांना बढती मिळाली, तरी ही एक तपासणी त्यांनी कोणाला दिली नाही. येताना साध्या चपला घालून येत. तिसऱ्या वर्षी शिवलालने बोट दाखवलं तिथे आम्ही एकाच वेळी चार उड्या पाहिल्या. सरांनी मोजल्या, साहेबांनी मोजल्या, दोघांचा आकडा जुळेना, आणि दोघं बांधावर उभं राहून आपापल्या मराठीत भांडले. त्या दिवशी मध्ये पडायची गरज मला वाटली नाही.

पुढे तुमच्या आजोबांची बदली अमरावतीला झाली. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर शाळेतले बरेच लोक आले होते. सर आले नव्हते. त्यांचा तास होता आणि तास ते सोडत नसत, हे मला माहीत होतं, तरी मी खिडकीतून बघत होते. स्टँडवर बाजाराची गर्दी, माणसांवर माणसं, गाठोडी, कोंबड्यांच्या टोपल्या. गाडी सुरू झाली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी एकदम माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "अगं, तो बघ."

मला कोणी दिसेना. गर्दीत सगळी उंच माणसं होती. मग त्यांच्या डोक्यांच्या वर एक काळी टोपी आली आणि गेली. पुन्हा आली, तिच्याखाली सरांचा चेहरा, हात अंगाला चिकटलेले. गेली. गाडी वळेपर्यंत मी सहा उड्या मोजल्या. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, सात.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मैत्रेयी, तुझ्या टेबलावर कुठूनतरी लांबून एखादा अर्ज येईल. त्यातला एखादा शब्द तुला चुकीचा वाटेल, अक्षर लागणार नाही, अर्थ लागणार नाही. तेव्हा पेनाचं टोपण लगेच काढू नकोस. जमलं तर जाऊन ये. बूट साधे घाल.